दूध आईचं, मग बाबा काय करणार?

बाळंतीण दवाखान्यातून घरी येते, पाळणा बांधला जातो, पाहुण्यांची ये-जा सुरू होते. या गडबडीत बाळाच्या बापाला नेमकं काय करावं ते कळत नाही. औषधं आणणं, बिल भरणं, पेढे वाटणं एवढं तो मनापासून करतो. पण बाळ रडायला लागलं की ते आईच्या कुशीत दिलं जातं, दार लोटलं जातं आणि तो बाहेरच्या खोलीत येऊन बसतो. 'पाजायचं तर तिलाच आहे, यात माझं काय काम?' हा प्रश्न बहुतेक तरुण बापांच्या मनात असतो. बालरोगतज्ज्ञांपुढे तो पुष्कळदा वेगळ्या रूपात येतो: 'डॉक्टर, रात्रीची एक बाटली मी पाजली तर तेवढाच तिला आराम मिळेल ना?'

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यामागे काळजीही आहे. बापाला दूध येत नाही हे उघडच आहे. पण आईचं दूध टिकणार की आटणार हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्याच्या हातात असतात. त्या कोणत्या हे समजायला आधी दूध येतं कसं ते पाहायला हवं.

१. पान्हा फुटतो म्हणजे काय होतं?

दूध तयार करणाऱ्या पेशी गरोदरपणातच सज्ज झालेल्या असतात. बाळंतपणात वार बाहेर पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दुधाची वाट मोकळी होते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो दाट आणि पिवळसर असतो आणि एका वेळी जेमतेम चमचाभर मिळतो. नवजात बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. त्या चमचाभर चिकात रोगांशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात. म्हणून 'अजून दूध आलं नाही' असं समजून या दिवसांत बाळाला मध, साखरेचं पाणी किंवा गाईचं दूध देण्याचं काहीच कारण नसतं. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

यापुढचं काम दोन संप्रेरकांचं. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन पाझरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त प्रमाणात स्रवतं. त्यामुळे रात्रीचं पाजणं कितीही त्रासाचं वाटलं तरी दुसऱ्या दिवसाच्या दुधाची तयारी त्यातूनच होते.

ऑक्सिटोसिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते मनाच्या स्थितीवर अवलंबून असतं. शेजारच्या खोलीत बाळ रडलं, नुसता त्याचा वास आला, तरी आईला पान्हा फुटतो. उलट टाके दुखत असले, कुणी टोचून बोललं, झोप झाली नाही किंवा मनात भीती असली, तर तेच ऑक्सिटोसिन अडखळतं. दूध तयार असतं, पण सुटत नाही. बाळ चोखून चोखून रडतं आणि ते रडणं ऐकून आई आणखी घाबरते.

बापाचा पहिला शिरकाव इथे होतो. बाळंतिणीला शांत ठेवा, तिच्याशी प्रेमाने वागा, असं सगळेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला तो चांगुलपणाचा सल्ला वाटतो. खरं तर तो शरीरशास्त्राचा भाग आहे.

२. विहीर आणि उपसा

खेडेगावात विहिरीबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे उपसा थांबला की झरे बुजू लागतात आणि नेमाने उपसा झाला की ते वाहते राहतात. आईच्या दुधाचं गणित असंच आहे. स्तनातून जितकं दूध बाहेर जाईल तितकं नवं तयार होतं. स्तन भरलेला राहिला तर तिथल्या पेशींना 'आता पुरे' असा निरोप जातो आणि उत्पादन मंदावतं.

आता ती रात्रीची बाटली घेऊ. समजा, बाळ पंधरा दिवसांचं आहे. रात्री दहाला बाबांनी पावडरच्या दुधाची बाटली दिली. पावडरचं दूध पचायला आईच्या दुधापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून बाळ चार तास गाढ झोपलं. आईलाही झोप मिळाली आणि सगळ्यांना बरं वाटलं. पण त्या चार तासांत एक-दोन वेळचं पाजणं चुकलं. स्तन तुडुंब भरून राहिले आणि शरीराने नोंद घेतली की मागणी कमी झाली आहे. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दूध थोडं कमी पडलं. बाळ किरकिरलं. मग दुसरी बाटली आली. बाटलीतून दूध फारशा कष्टाविना तोंडात पडतं, त्यामुळे काही बाळं अंगावर पिताना कुरकुर करू लागतात. आठ-दहा दिवसांत घरात वाक्य तयार होतं: 'हिचं दूध आटलं.' प्रत्यक्षात ते आटवलं गेलेलं असतं, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूने नव्हे.

बापाने रात्री मदत करावी, जरूर करावी. पण ती मदत उपसा थांबवणारी नसावी. ती कशी असू शकते ते पुढे येईलच.

३. 'पुरत नाही' ही शंका

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साधी आहे: जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजायला घ्यावं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा अधिक काळ पाजत राहावं. भारतात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पहिल्या तासात अंगावर पाजली जाणारी बाळं फक्त ४१.८ टक्के आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. म्हणजे शंभरातल्या छत्तीस बाळांच्या तोंडी आणखी काहीतरी जातं.

का जातं? बहुतेक घरांत एकच कारण ऐकू येतं, दूध पुरत नाही. खरोखर शारीरिक कारणाने दूध कमी पडणाऱ्या आया असतात, पण त्यांची संख्या थोडी आहे. बाकीच्यांच्या बाबतीत ती शंका असते, आणि शंकेला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ. पहिल्या काही आठवड्यांनंतर स्तन पूर्वीइतके कडक लागत नाहीत, कारण शरीराला बाळाच्या मागणीचा अंदाज आलेला असतो. त्याचा अर्थ 'दूध गेलं' असा लावला जातो. बाळ संध्याकाळी दर तासाला पाजायला मागतं, तेही नैसर्गिक असतं. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि त्यातलं बरंचसं भुकेचं नसतं. पण भेटायला आलेली एखादी आत्या सहज बोलून जाते, 'दूध पातळ आहे गं हिचं, पोट भरत नाही लेकराचं.' थकलेल्या, झोप नसलेल्या मुलीच्या मनात हे वाक्य रुतून बसतं.

आणि ती एकटी असते. नेमक्या त्या क्षणी शेजारी दूध कसं येतं हे माहीत असलेला माणूस असेल तर काय फरक पडतो?

४. नेपल्समधली चाळीस मिनिटं

या प्रश्नाचं उत्तर इटलीतल्या नेपल्स शहरात शोधलं गेलं. तिथल्या आल्फ्रेदो पिसाकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २८० आया आणि त्यांचे जोडीदार असे १४०-१४० च्या दोन गटांत विभागले होते. स्तनपानाबद्दलचा सल्ला आणि आधार दोन्ही गटांतल्या आयांना सारखाच मिळाला. फरक केला तो वडिलांच्या बाबतीत. एका गटातल्या वडिलांना चाळीस मिनिटं बसवून अंगावर पाजताना कोणत्या अडचणी येतात, त्या कशा टाळायच्या आणि आल्या तर काय करायचं हे सांगितलं. दुसऱ्या गटातल्या वडिलांना ते शिकवलं नाही.

सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या २५ टक्के आया पूर्णपणे अंगावर पाजत होत्या, दुसऱ्या गटातल्या १५ टक्के. 'दूध पुरत नाही' असं वाटलेल्या आया पहिल्या गटात ८.६ टक्के होत्या आणि दुसऱ्या गटात २७ टक्के. ज्यांना पाजताना प्रत्यक्ष त्रास झाला त्यांच्यापुरतं पाहिलं, तर फरक डोळ्यांत भरतो: त्यांच्यातल्या सहा महिने टिकलेल्या आया पहिल्या गटात २४ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.५ टक्के.

या आकड्यांतला शंकेचा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. दोन्हीकडच्या आयांना मिळालेला सल्ला सारखा होता. तरी एका गटात शंका तिपटीने कमी झाली, कारण शंका आली तेव्हा घरात दुसरं कुणीतरी जाणतं होतं. व्हिएतनाममध्येही बापांना आरोग्य केंद्रात आणि घरी जाऊन समजावून सांगण्याचा प्रयोग झाला आणि तिथेही निव्वळ स्तनपानाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आपल्याकडे प्रसूतिपूर्व तपासणीला नवरा सोबत येतो, पण पुष्कळदा तो बाहेर बाकड्यावर फाइल धरून बसतो. त्याला आत बोलावून चाळीस मिनिटं दिली तर फारसा खर्चही येणार नाही.

५. पहिला तास

महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. त्याच पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा नेमका आकडा २५.४ टक्के आहे. अशा वेळी आई भुलीखाली, टाक्यांत, आणि बाळ दुपट्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हाती. पहिला तास हातचा जातो तो इथे.

बापाने आधीच, म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात, डॉक्टरांना विचारून ठेवलं तर बरंच काही सोपं होतं. आईची तब्येत ठीक असेल तर बाळाला तिच्या उघड्या छातीवर कधी ठेवता येईल? सिस्टर पाजायला मदत करतील का? बाळाला आमच्या परवानगीशिवाय दुसरं काही पाजणार नाही ना? हे तीन प्रश्न कळा सुरू झाल्यावर कुणाला सुचत नाहीत.

आई शस्त्रक्रियेच्या खोलीत अडकलीच, तर बाळाला छातीशी घ्यायला बापाची छाती चालते. शर्ट काढून, बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून, पोटाशी पोट लावून धरायचं आणि वरून उबदार पांघरूण घालायचं. स्वीडनमध्ये सिझेरियननंतर हे करून पाहिलं तेव्हा, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बापाच्या अंगाशी असलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली. शांत बाळ आईकडे आलं की नीट चोखतं. हीच पद्धत कांगारू मातृत्व सेवा म्हणून १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू झाली. नावात मातृत्व असलं तरी बाप, आजी, मावशी कुणीही ती देऊ शकतं. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशु कक्षांतही ती शिकवली जाते.

६. बाजूला बसलं की काय दिसतं

पाजताना दुखतं, भेगा पडतात, म्हणून पाजणं सोडलेल्या आया कमी नाहीत. बहुतेक वेळा कारण असतं बाळाची चुकलेली पकड. आणि इथे एक गमतीची अडचण आहे: आई वरून बघते. तिला बाळाचं डोकं आणि नाक दिसतं. हनुवटी आणि खालचा ओठ तिच्या नजरेआड असतात.

बुटक्या स्टुलावर किंवा जमिनीवर, डोळे बाळाच्या तोंडाच्या पातळीला येतील असा बसलेला बाप मात्र ते सगळं पाहू शकतो. तोंड मोठं उघडलेलं आहे का? खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का? हनुवटी स्तनाला टेकली आहे का? स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो आहे का? हे चारही असलं तर पकड बरोबर. मग बाळ सुरुवातीला भरभर चोखतं, नंतर संथ, खोल, मध्ये थांबून गिळतं. गिळण्याचा हलका आवाज शांत खोलीत ऐकू येतो. उलट गालांना खळ्या पडत असतील, 'टक् टक्' असा आवाज येत असेल, पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं आणि पांढरं दिसत असेल, तर बाळ नुसतं टोकाला लोंबकळतं आहे. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून अलगद आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून सोडवलं तर भेगा वाढतात.

पाठीमागे उशी देणं, कोपराखाली घडी केलेली चादर सरकवणं, बाळाला उचलून स्तनापर्यंत आणून देणं हीसुद्धा बापाची कामं. आईने वाकून स्तन बाळाकडे नेला की पंधरा मिनिटांत तिची पाठ धरते. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार येऊ नये म्हणून बाळाला आईच्या काखेखालून आडवं धरायची पद्धत आहे. पहिल्या दिवशी ती दोघांनी मिळूनच जमते. सूचना मात्र हळू आवाजात द्यायच्या आणि एका वेळी एकच.

७. लंगोट मोजायचे

अंगावरचं दूध किती गेलं ते दिसत नाही, म्हणून शंका येते. पण बाहेर काय पडतं ते मोजता येतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी, फिक्या रंगाची, आणि पहिल्या दोन दिवसांची काळी-हिरवट शी चार-पाच दिवसांत पिवळी, पातळसर होणं, या दोन खुणा पुरेशा बोलक्या आहेत. विकतचे डायपर वापरले की ही मोजदाद बिघडते. पहिले काही आठवडे सुती लंगोट बरे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दर ओल्या लंगोटाला एक रेघ, असा हिशेब बापाने ठेवला तर शंका घेणाऱ्यांना दाखवायला पुरावा हाताशी राहतो.

वजनाचं उदाहरण पाहू. जन्मवेळी २.८ किलोचं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी २.६ किलो भरलं. घर हादरतं. पण ही घट सात टक्क्यांच्या आसपास आहे आणि ती अपेक्षित असते. जन्मवेळचं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून येतं आणि पुढे रोज वीस ते तीस ग्रॅमने वाढतं. तेच बाळ २.५२ किलोवर आलं, म्हणजे दहा टक्के घटलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. बाळ मलूल आहे, पाजायला उठत नाही, ताप आहे, लघवी कमी झाली, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत पोचली, यांपैकी काहीही दिसलं तरी वाट बघायची नाही.

८. माहेरी असलेली बाळंतीण

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात फार शहाणपण आहे. मुलीला तिच्या आईच्या हातची अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वेळेवर गरम जेवण मिळतं आणि हक्काने झोपता येतं. पण याच रीतीमुळे बाप नेमक्या निर्णायक काळात दोन-तीनशे किलोमीटर दूर असतो.

समजा, तो चाकणच्या कारखान्यात कामाला आहे आणि बायको कराडजवळच्या गावी. रात्री शिफ्ट सुटल्यावर व्हिडिओ कॉल होतो आणि पहिला प्रश्न येतो, 'दूध पुरतंय ना त्याला?' काळजीपोटी विचारलेला हा प्रश्न तिच्या शंकेत भर घालतो. त्याऐवजी 'आज किती लंगोट ओले झाले? तू दुपारी झोपलीस का? पाजताना दुखतंय का अजून?' असं विचारलं तर तिला उत्तर देता येतं आणि त्यातून दोघांनाही परिस्थिती कळते.

दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, पाजणं बघतात. सुट्टी टाकायचीच तर यांतला एखादा दिवस धरून जाण्यात अर्थ आहे. मात्र जाताना जावई म्हणून जाऊन चालणार नाही. जावई आला की सासूबाई पुरणाचा घाट घालतात आणि बाळंतिणीची खोली आवरली जाते. लंगोट धुणारा, ढेकर काढणारा, पाहुणे आले की 'ती आत्ता पाजतेय, अर्ध्या तासाने भेटेल' असं सांगणारा माणूस त्या घराला हवा असतो.

मोठ्यांशी बोलणं हा नाजूक भाग आहे आणि तो बापानेच उचलायला हवा. बाळगुटी, उन्हाळ्यातलं पाणी, मधाचं बोट हे सगळं मायेपोटी येतं. सुनेने नाही म्हटलं तर तो उद्धटपणा ठरतो. मुलगा आपल्या आईला जे सांगू शकतो ते तिला सांगता येत नाही. 'आई, सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर. तिच्या दुधात पाणीच जास्त असतं. तू तिला मात्र ताकाचा तांब्या देत जा,' असं म्हटलं की आजीलाही करायला काम मिळतं आणि मानही राहतो. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, म्हणजे आणखी एक बेताचं जेवण. तेव्हा आजीचं ते काम खरोखर महत्त्वाचं असतं.

९. रात्र आणि बाटलीशिवायची मदत

नवजात बाळ दिवसात आठ ते बारा वेळा पितं. दहा वेळा धरलं आणि प्रत्येक वेळी अर्धा तास, तर पाच तास झाले. यात लंगोट बदलणं, ढेकर काढणं, झोपवणं आलेलं नाही.

हे बाकीचं सगळं बापाचं होऊ शकतं. बाळ चुळबुळू लागलं, मुठी तोंडाकडे नेऊ लागलं की उठायचं, लंगोट बदलायचा आणि रडं फुटायच्या आत बाळ तिच्या कुशीत द्यायचं. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठ चोळत ढेकर काढायचा. तिची झोप यात जेमतेम अर्धी मोडते आणि उपसा चालू राहतो. संध्याकाळच्या किरकिरीच्या तासात, नुकतंच पोटभर प्यायलेल्या बाळाला छातीशी धरून फेऱ्या मारणं हेही त्याचंच काम. बाळाला बापाचा आवाज आणि चाल ओळखीची व्हायला बाटली लागत नाही. आंघोळ आणि तेलमालीशही त्याला शिकता येते.

सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागू द्यायची नाही, त्यात बाळ गुदमरण्याचा धोका असतो. दारू घेतलेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने बाळाच्या अंथरुणात झोपू नये. मिश्री-तंबाखूतलं निकोटिन आईच्या दुधात उतरतं, तेव्हा घरात कुणाची ही सवय असेल तर ती सोडायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

१०. सगळं करूनही अडलं तर

स्तनात गाठ, लाली, ठणका आणि ताप असं झालं तर डॉक्टरांकडे जायचं, पण पाजणं सहसा थांबवायचं नसतं. दूध साचून राहिलं तर त्रास वाढतो. आई दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, विनाकारण रडते, बाळाकडे बघवत नाही म्हणते, तर तो आळस किंवा नखरा नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ही लक्षणं सगळ्यांत आधी नवऱ्याच्या लक्षात येऊ शकतात.

काही वेळा दूध खरंच कमी पडतं, किंवा आईच्या एखाद्या आजारामुळे पाजता येत नाही. डॉक्टरांनी तपासून पावडरचं दूध सांगितलं तर ते औषधासारखं, सांगितलेल्या मापाने, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावं. त्याबद्दल आईला घरात कुणीही दोष देऊ नये आणि कुणी दिलाच तर बापाने तिथेच थांबवावं. मेडिकलच्या दुकानातून डबा स्वतःच्या मनाने आणणारा बहुतेक वेळा बापच असतो. म्हणून त्याला माहीत असावं की १९९२ च्या आणि २००३ साली कडक केलेल्या कायद्याने अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, मोफत नमुने वाटायला भारतात बंदी आहे. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे डब्यावर ठळक छापणं सक्तीचं आहे.

बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर आणखी एक वाट आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. इतर आयांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून तिथे गरजू बाळांना दिलं जातं. आज राज्यात इतरत्रही अशा पेढ्या आहेत. आणि अनेकदा आई तालुक्याच्या दवाखान्यात आणि बाळ जिल्ह्याच्या नवजात कक्षात असतं. तेव्हा उकळून कोरड्या केलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत तिने पिळून काढलेलं दूध भरून, ती बर्फाच्या डब्यात ठेवून एसटीने पोचवणारा बापच असतो. खोलीच्या तापमानाला असं दूध चार तासांत, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं एका दिवसात वापरावं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

११. रजा आणि कोयता

हे सगळं करायला वेळ हवा, आणि वेळेच्या बाबतीत कायदा बापाला फारसं देत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती जन्मानंतर सहा महिन्यांत कधीही घेता येते. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात असा कायदा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्यात असंघटित क्षेत्रातले कामगारही धरले होते. ते मंजूर झालं नाही.

असंघटित म्हणजे काय, हे बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांकडे पाहिलं की कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजुरी टनावर मिळते, उचल आधीच घेतलेली असते. बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. आई पाजायला बसली की तेवढा वेळ तोडणी निम्म्यावर येते आणि रात्री गाडी भरायला दोघांनाही जावं लागतं. पाजण्याची मधली सुट्टी, पाळणाघर हे शब्द तिथपर्यंत पोचलेले नाहीत. तिथल्या बापाने पहाटेची चूल पेटवणं, पाणी भरणं आणि भाकरी थापणं आपल्याकडे घेतलं, मुकादमाला तोंड देऊन तिच्यासाठी अर्धा तास मागून घेतला, तर बाळाला दिवसात दोन वेळा जास्त पाजता येतं.

ज्याच्याकडे मोजक्याच रजा आहेत, त्याने त्या एकदम संपवू नयेत. जन्मापासूनचे पहिले पाच-सहा दिवस दूध बसण्याचे असतात, तेव्हा तिच्याजवळ असावं. दुसरा टप्पा ती माहेरहून परत येते तो आठवडा. तिथे हाताशी असलेली आई इथे नसते, आणि घर, पाणी, झोपेच्या वेळा सगळं बदलतं. उरलेल्या दोन-चार सुट्ट्या तिची रजा संपून ती कामावर रुजू होते त्या आठवड्यासाठी ठेवाव्यात. तोवर बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं, नाचणीची खीर आणि मऊ वरण-भात सुरू होतो, आणि दुपारचं पिळून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायला घरात कुणीतरी लागतं.